ट्रकची पाटी म्हणजे ट्रकचा सातबारा



जमिनीचा सातबारा हाती नसला म्हणजे काय धावपळ होते, ते मी तुम्हाला सांगायला नको. कर्ज असो, वाटणी असो की बांधावरचा तंटा असो, पहिला प्रश्न उताऱ्याचा येतो. आता उतारा मोबाइलवरही निघतो, ही मोठी सोय झाली. पण तुमच्या खळ्याच्या कडेला, आंब्याखाली, चाके जमिनीत रुतवून जो जुना ट्रक उभा आहे, त्याचाही एक सातबारा असतो. तो कारखान्यात एकदाच लिहिला जातो आणि त्याची नक्कल कोणत्याही चावडीवर मिळत नाही. केबिनच्या दारात किंवा बॉनेटखालच्या पत्र्यावर रिव्हिटांनी ठोकलेली तळहाताएवढी पाटी, इंजिनावरचा बिल्ला, डिझेल पंपावरची चकती, हवेच्या गाळणीवर चिकटवलेला पिवळा पडलेला कागद, हाच तो सातबारा. ट्रक नव्याने रंगवायला काढला की सर्वांत आधी बळी जातो तो याचाच.

बी-बियाणे आणि खते सोडून हा विस्तार अधिकारी ट्रकच्या मागे का लागला, असे तुम्ही म्हणाल. आमची फिरती खळ्यापर्यंत जाते आणि खळ्यावर जे उभे असते ते सारे डोळ्यांखालून जाते. शिवाय आमच्या ठाणे जिल्ह्यात ट्रक आणि शेती यांची सोयरीक जुनी आहे. शहापूर, मुरबाड, भिवंडीकडचे गवत आणि भाताचा पेंढा मुंबईच्या म्हशींच्या तबेल्यांना जायचा तो ट्रकनेच. केबिनच्या वर दोन पुरुष उंच गवत रचलेला ट्रक आग्रा रोडने डुलत चालला आहे, हे चित्र पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला आठवत असेल. ते ट्रक आता बहुतेक भंगारात गेले. जे थोडे राहिले, ते घरातली तरुण मुले हौसेने पुन्हा उभे करू लागली आहेत. कोणाला आजोबांची आठवण जपायची असते, कोणाला गणपतीच्या मिरवणुकीत काढायचा असतो. हौसेला मोल नाही, आणि ही हौस चांगलीच आहे. फक्त ती करताना घाई नको.

ठाण्याचे माजिवडे तुमच्यापैकी ज्यांनी नाशिककडून मुंबईला माल नेला आहे, त्यांना ठाऊक आहे. आग्रा रोड, घोडबंदर रोड आणि मुंबईकडून येणारा पूर्व द्रुतगती मार्ग जेथे एकमेकांना भेटतात तो हा नाका. आता तेथे उड्डाणपूल आणि मेट्रोचे खांब आहेत, भोवती मान वर करून पाहाव्या लागतील अशा इमारती आहेत. तरीही त्या पट्ट्यात पत्राकाम करणारे, पाटे बदलणारे आणि गाड्या रंगवणारे काही कारागीर अजून टिकून आहेत.

तिथल्या एका गॅरेजात शहापूर तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाचा ट्रक आला होता. घरात दोन मते होती. थोरला मुलगा म्हणे, किलोवर भंगारात द्या, चार पैसे येतील. धाकटा म्हणे, आजोबांच्या हातची वस्तू आहे, उभी करू. वडिलांनी मधला मार्ग काढला: कागद आणि गाडी यांचा मेळ बसला तर ठेवू, नाहीतर भंगारवाल्याला बोलावू. अडचण अशी की आर.सी. बुकात चासी नंबरातला एक आकडा ८ लिहिलेला, आणि चासीवर जेथे नंबर ठोकलेला असतो तेथे गंजाची खपली. नीट काही दिसेना. अंदाजाने तो ३ वाटत होता.

रंगारी कामाला बसला होता. त्याचे काही चुकत नव्हते, त्याला गाडी गुळगुळीत करून द्यायची होती. दारावरचे जुने रंग तो ग्राइंडरने उडवीत चालला होता. धाकट्याने त्याला दाराच्या आतल्या बाजूला थांबवले, कारण तेथे रंगाखाली चौकोनी उंचवटा लागत होता. मी गेलो त्या दिवशी त्या उंचवट्यावर रंगाचे निदान पाच थर होते: हिरवा, त्याखाली निळा, मग तपकिरी, पुन्हा हिरवा आणि तळाशी राखाडी. ग्राइंडर आणखी वीतभर सरकला असता तर खालची ॲल्युमिनियमची पाटी आरशासारखी चकचकीत झाली असती आणि तितकीच कोरी. ॲल्युमिनियम मऊ असते. त्यावरचे कोरीव आकडे कागदाच्या जाडीएवढेही खोल नसतात.

दोन संध्याकाळी खर्ची पडल्या. थिनर न लावता, बांबूची चपटी चिपटी घासून घेऊन तिने रंग पापुद्र्यापापुद्र्याने सोडवला. आकडा ३ निघाला. मग चासीवरची खपलीही तशीच धीराने, तेल मुरवून आणि पितळी तारेच्या मऊ ब्रशने काढली. तेथेही ३ च होता. कधीकाळी जुन्या पुस्तकावरून नवे पुस्तक उतरवताना कोणाच्या तरी हातून ३ चा ८ झाला होता. आता दुरुस्तीचा अर्ज गेला आहे. निरीक्षकाने पाटी आणि चासी दोन्ही पाहून टिपण केले आहे. ट्रक भंगारात गेलेला नाही.

आणखी एक गंमत त्या पाटीने केली. सारे गाव त्या ट्रकला डॉज म्हणत असे. पाटीवर नाव निघाले फार्गो! घरी आजींना सांगितले तर त्या म्हणाल्या, “ह्यांनी मला पहिल्यापासून फार्गोच सांगितलं होतं. डॉज म्हणायला तुम्हीच लागलात.”

बिल्ला पडला की ओळख गेली

गावाचेही काही चुकले नव्हते. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून गाड्या बाहेर काढल्या. क्रायस्लरची रीत अशी होती की एकच ट्रक डॉज, फार्गो आणि डिसोटो अशा वेगवेगळ्या नावांनी विकायचा. सांगाडा तोच, केबिन तेच, फरक मुख्यतः नावाच्या अक्षरांत आणि बिल्ल्यात. बॉनेटवरची अक्षरे पडली आणि पाटी रंगाखाली गेली की डॉज कोणता आणि फार्गो कोणता, हे सांगणे जुन्या मेस्त्रीलाही अवघड. कुर्ल्याच्या त्या कारखान्यातून आता गाड्या बाहेर पडत नाहीत, तेव्हा तेथे जाऊन विचारण्याचीही सोय उरलेली नाही. जे सांगायचे ते पाटीच सांगणार.

टाटांच्या ट्रकची कथा वेगळी, पण तिथेही बिल्ला बोलतो. टेल्को कंपनीने १९५४ साली जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. म्हणून जुने ड्रायव्हर त्या ट्रकला अजून ‘मर्सिडीज’ म्हणतात, आणि ते खोटे नाही. समोरच्या जाळीवर मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी असे. १९६९ साली करार संपला, चांदणी गेली आणि टाटांचे ‘टी’ अक्षर आले. तेव्हा एखाद्या ट्रकवर मूळची चांदणी असेल तर तो साधारण कोणत्या काळचा हे लांबूनच कळते. आणि याच कारणाने एक सावधगिरीही सांगतो. बाजारात नवी चकचकीत चांदणी विकत मिळते आणि हौशी माणूस ती १९७५ च्या ट्रकला लावून मोकळा होतो. हे म्हणजे दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आपले नाव चढवण्यासारखे झाले. मला हे मुळीच पसंत नाही.

मॉडेलच्या आकड्यांतही अर्थ असतो. १२१० म्हणजे ढोबळमानाने भरलेल्या गाडीचे वजन १२ टन आणि ताकद १०० अश्वशक्तीच्या घरात. १६१२ म्हणजे १६ टन आणि १२० च्या आसपास. छोटा ४०७ तुमच्या रोजच्या पाहण्यातला. तो १९८६ साली आला, ४ टन आणि ७० अश्वशक्ती असा त्याचा हिशोब. मेस्त्रीला सुटा भाग आणायला पाठवताना हा आकडा सांगता आला तर एक हेलपाटा वाचतो.

कोठे काय शोधाल

गाडी धुण्याआधी, हो, धुण्याच्याही आधी, तिच्याभोवती एक फेरी मारा. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पहिल्या पाच मिनिटांत कागदी लेबले लगदा होऊन वाहून जातात. चासी नंबर लोखंडी चासीवर ठोकलेला असतो, तो पाटीहून वेगळा आणि कायद्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. इंजिनाच्या ब्लॉकवर इंजिन नंबर असतो. डिझेल पंपाच्या अंगावर बारीक पाटी असते. आपल्याकडे बहुतेक मायकोचे पंप, म्हणजे १९५१ साली बंगळुरात सुरू झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचे. त्या पाटीवरच्या प्रकार-क्रमांकावरून पंपवाला मिस्त्री डिझेलचे माप बसवतो. ती गेली की तो अंदाजाने बसवतो, आणि मग ट्रक काळा धूर ओकतो किंवा चढावर धापा टाकतो. स्टार्टर, डायनमो, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, प्रत्येकावर काही ना काही असते. काचेच्या कोपऱ्यात काच कंपनीची पुसट खूण असते. काही गाड्यांच्या डॅशबोर्डवर गिअरची आकृती असते, तर कुठे सिलिंडर पेटण्याचा क्रम. सहा सिलिंडरच्या इंजिनाला बहुधा १-५-३-६-२-४. जुन्या विलीज जीपमध्ये तर डॅशबोर्डवरच्या पाट्यांवर लिव्हर कशा टाकायच्या आणि कोणत्या गिअरमध्ये किती वेग ठेवायचा, तेही लिहिलेले असे.

बॉडी बांधणाऱ्याची टिनाची छोटी पाटी फाळक्याजवळ असली तर तीही राखा. ती कारखान्याची नाही, पण गाडीचा हौदा कोणत्या गावी बांधला, ते तिच्यावरून कळते. मागच्या फाळक्यावर पेंटरने काढलेली फुले, मोर आणि ‘हॉर्न ओके प्लीज’ हा मात्र स्वतंत्र विषय आहे. तो मजकूर लिहिण्यास महाराष्ट्रात २०१५ पासून मनाई झाली. पुसायचाच असेल तर आधी फोटो तरी काढून ठेवा.

फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा, म्हणजे पाटी किती मोठी आणि कडेपासून किती अंतरावर होती ते पुढे समजते. त्याबरोबर एक जुना उपाय करा. पातळ कागद पाटीवर धरून मऊ पेन्सिल आडवी घासा. आर.टी.ओ. मध्ये पासिंगच्या वेळी चासी नंबराचा छाप घेतात तसाच. फोटोत न दिसणारा आकडा कितीदा तरी या छापात उठून दिसतो. कागदावर तारीख टाका आणि आर.सी. बुकात जपून ठेवा.

चिंच लावू नका

आता साफसफाई. माय-भगिनींना हे मुद्दाम सांगतो, कारण घरात पितळेची भांडी लखलखीत ठेवणारे हात त्यांचेच. पाटी पितळेची दिसली की मनात पहिली येते ती चिंच. देवघरातल्या समईला चिंच उत्तम, पण ट्रकच्या पाटीला ती लावू नका. लिंबू, राख, भांड्याची पावडर यांतले काहीच नको. या पाट्यांवरची अक्षरे पुष्कळदा खोदून त्यांत काळा किंवा लाल रंग भरलेला असतो, किंवा नुसती छापलेली असतात. आंबट पदार्थ धातूचा वरचा थर खातो आणि घासण्याने रंग निघून जातो. मग पाटी चमकते खरी, पण वाचता येत नाही. कोमट पाणी, त्यात साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश आणि जुन्या धोतराचे फडके, एवढे पुरे. लगेच कोरडे करा. काळवंडलेला रंग तसाच राहू द्या, तो वयाचा आहे.

रंगाखाली गेलेल्या पाटीसाठी मघाशी सांगितलेली बांबूची चिपटी हाच माझा सल्ला. थिनर किंवा रंग काढायचे रसायन वरच्या रंगाबरोबर पाटीचा मूळ रंगही विरघळवते. वापरायचेच असेल तर आधी एका कोपऱ्यावर, कापसाच्या बोळ्याने, सांभाळून. वायर ब्रश, पॉलिश पेपर आणि वाळूचा मारा यांना पाटीजवळ येऊ देऊ नका.

पाटी काढायची की जागेवर ठेवायची? माझे मत: पत्रा कुजला नसेल तर काढूच नका. रंगकामाच्या वेळी पाटीवर ग्रीसचा किंवा व्हॅसलिनचा पातळ हात द्या, त्यावर कागद आणि कडेने चिकटपट्टी लावा. रंग संपल्यावर फडक्याने पुसून घ्या. पत्रा कुजलाच असेल तर रिव्हिटाचे डोके बारीक ड्रिलने सावकाश उडवा. पाटीखाली पटाशी घालून उचकटू नका, ती वाकते आणि मग सरळ होत नाही. जुन्या रिव्हिटा एका पाकिटात घालून त्यावर नाव लिहा.

परत बसवताना आपल्या कोकणपट्टीच्या पावसाचा विचार करा. ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना टेकलेले आणि मध्ये पाणी असले की हळूहळू विजेची क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजते. पाटीच्या कडेला जी पांढरी भुकटी दिसते ती हीच. म्हणून ॲल्युमिनियमच्या पाटीला ॲल्युमिनियमचीच रिव्हिट वापरा, आणि मागचा पत्रा प्रायमर व रंग लावून पूर्ण वाळल्यावरच ती बसवा. वरून पारदर्शक व्हार्निश मारण्याचा आग्रह काही रंगारी धरतात. काही वर्षांनी ते पिवळे पडते आणि सोलताना अक्षरे घेऊन जाते. त्यापेक्षा वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, मेणाच्या पॉलिशचा पातळ हात द्या.

कागदी लेबलांचे काम सर्वांत नाजूक. गाळणीवरचे किंवा फ्यूजच्या डब्यावरचे लेबल जागेवर असेल तर पाणी न लावता कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका आणि सोडून द्या. सुटतच आले असेल तर केस वाळवायच्या यंत्राने थोडी ऊब देऊन, मागून बारीक नायलॉनचा दोरा करवतीसारखा सरकवत अलगद सोडवा. मग दोन टिपकागदांमध्ये जाड पुस्तकाखाली ठेवा. लॅमिनेशन करू नका. एकदा केले की ते परत निघत नाही.

आता कायद्याचे थोडे. चासी नंबरावर ग्राइंडर फिरवणे किंवा तो आपल्या मनाने पुन्हा ठोकणे हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. नंबर गंजून गेला असेल तर आर.टी.ओ. कडे अर्ज करून त्यांच्या परवानगीनेच तो ठोकून घ्यावा लागतो. इंजिन बदलले तर तेही पुस्तकात चढवून घ्या. २०२१ साली केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी वेगळे नियम केले. ते खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकी गाड्यांना आहेत, भाड्याच्या धंद्याला नाहीत. त्यात अट अशी की गाडी मूळ रूपात राखलेली हवी, चासी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठा बदल नको. घरात जुनी जीप असेल तर हे ध्यानात ठेवा. मूळ रूप दाखवायचे म्हटल्यावर पहिला साक्षीदार पाटीच.

एका ओळखीच्या बागायतदाराने जीपची फाटकी पाटी फेकून बाजारातून कोरी पाटी आणली आणि तीवर आपला नंबर खोदून घेतला. जीप झकास दिसत होती. विकायला काढली तेव्हा घेणाऱ्याने टॉर्च लावून पाटी पाहिली, बोटाने चाचपली आणि मूळ पाटी कोठे आहे असे विचारले. सौदा तेथेच मोडला. फाटकी पाटी असती तर मोडला नसता. अमेरिकेतल्या पेबल बीच येथील प्रसिद्ध जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात तर न रंगवता जशाच्या तशा राखलेल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग आहे. जगातले जाणकार आता जुन्या खुणांना मान देऊ लागले आहेत.

ज्यांच्या दारात ट्रक नाही, त्यांनी हे पान उलटू नये. विहिरीवरच्या जुन्या ऑइल इंजिनावरही पाटी आहे, आणि दर दिवाळीला हौसेने रंग देताना तीवरूनही ब्रश फिरतो. त्या पाटीवर अश्वशक्ती आणि मिनिटाचे फेरे लिहिलेले असतात. समजा इंजिनाचे फेरे ६५० आहेत, त्याची पुली १८ इंचांची आणि पंपाची ८ इंचांची. ६५० ला १८ ने गुणून ८ ने भागा, पंपाचे फेरे सुमारे १४६० येतात. पंपाच्या पाटीवर १४५० लिहिले असेल तर जोडी जमली. दोन्ही पाट्या रंगाखाली असतील तर पुली अंदाजाने बसते, आणि मग पंप पाणी कमी देतो किंवा इंजिन डिझेल जास्त पिते. गेल्याच हंगामात माझ्या कार्यक्षेत्रातल्या दोन विहिरींवर नेमके हेच निघाले.

राहिली प्रतिकृतीची गोष्ट. मूळ पाटी अगदीच गेली असेल तर नवी करून लावण्यात पाप नाही. छापावरून आणि फोटोवरून चांगला खोदणारा ती करून देतो. पण मागच्या बाजूला ‘प्रतिकृती’ हा शब्द आणि साल खोदून घ्या, आणि मूळ पाटीचा जो काही तुकडा उरला असेल तो रिव्हिटांच्या पाकिटात ठेवा. पाकीट गाडीत ठेवू नका, उंदीर कुरतडतात. घरातल्या ट्रंकेत, जमिनीच्या कागदांशेजारी ठेवा.